लग्नात पार्किंगला गाडी घासली, आता कुणी किती भरायचं?

पत्र: दादा नमस्कार, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, गाडी शिकून दीड वर्ष झालं. गेल्या रविवारी नात्यातल्या लग्नाला गेलो होतो, जेवण करून निघताना मी गाडी रिव्हर्स काढत होते. उजव्या बाजूला पाहुण्यांची टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती त्यामुळं तिकडचं काही दिसत नव्हतं. कार्यालयवाल्यांनी चुन्यानं बाण मारलेत, एका गेटनं आत आणि मागच्या गेटनं बाहेर, म्हणून मी ज्या बाजूनं गाड्या येतात ती डावी बाजू बघत हळूहळू मागं आले. तेवढ्यात उजवीकडनं, म्हणजे बाणाच्या उलट, नणंदेचे दीर त्यांची मोठी गाडी घेऊन आले आणि माझ्या बंपरचा उजवा कोपरा त्यांच्या ड्रायव्हरच्या दारापासून मागच्या दारापर्यंत घासत गेला. कुणाला लागलं नाही. पण ते जोरात ओरडायला लागले, माणसं गोळा झाली, सगळे म्हणाले रिव्हर्सवाल्याचीच चूक असते. मी घाबरून सॉरी म्हटलं आणि रात्री व्हॉट्सॲपवर "भाऊजी माझं चुकलं, खर्च मी देते" असंही टाकलं. आता त्यांनी शोरूमचं २४,५०० चं एस्टिमेट पाठवलंय, दोन दारांचे १५,००० आणि मागच्या बंपरचे ९,५००. माझ्या बंपरला ४,५०० लागणार आहेत ते वेगळेच. मिस्टर म्हणतात पैसे देऊन विषय संपव, नातं आहे. सासरे म्हणतात खाजगी जागेत कायदा लागत नाही, एक रुपया देऊ नको, आणि वर म्हणतात की आता तू गाडी चालवूच नको. चूक नक्की कुणाची? आणि इन्शुरन्समधनं होईल का?

उत्तर: ताई, पहिल्यांदा सांगतो ते हे की तुमची चूक आहे आणि त्यांचीही आहे, पण सारखी नाही. तुमची जास्त आहे. हे ऐकून वाईट वाटेल पण मी तुमच्या बाजूनं बोलतोय म्हणूनच आधी सांगतोय, कारण हे मान्य करून बोलायला बसलात तर उरलेल्या गोष्टीत तुम्हाला कुणी खोटं पाडू शकत नाही.

रिव्हर्स घेणाऱ्यावर जबाबदारी जास्त असते हे लोक म्हणतात ते उगीच नाही. मागं जाताना कुणाला धोका किंवा अडथळा होणार नाही याची खात्री ड्रायव्हरनं स्वतः करायची, हे रस्त्याच्या नियमांत १९८९ पासून आहे आणि २०१७ ला नवीन चालन विनियम, म्हणजे गाडी चालवायचे नियम, आले तरी ती जबाबदारी काही ड्रायव्हरवरनं उतरलेली नाही. आणि नियम बाजूला ठेवला तरी साधा विचार करा, तुम्ही डावीकडं बघत होता कारण गाड्या तिकडनं यायला पाहिजेत, बरोबर आहे, पण लग्नाच्या पार्किंगमध्ये नुसत्या गाड्याच येत नाहीत ना. पोरं पळत असतात, म्हातारी माणसं मंडपातनं चालत येतात, केटररचा पोरगा ट्रॉली ढकलत येतो, आणि यातलं कुणीच बाण बघून चालत नाही. उजवीकडं ट्रॅव्हलर आडवी होती, काही दिसत नव्हतं, म्हणजे तिकडंच जास्त जपायला पाहिजे होतं. अशा वेळी मिस्टरांना खाली उतरवून मागं उभं करायचं, किंवा गाडीची शेपटी अर्धा फूट बाहेर काढून थांबायचं, हॉर्न द्यायचा, दोन सेकंद जाऊ द्यायचे आणि मग निघायचं.

आता त्यांचं. ते उलट बाजूनं आले. मेन रोडकडचं गेट जवळ पडतंय म्हणून आपल्याकडं सर्रास लोक असं करतात, बिंदू चौकात पार्किंगला मंगळवारी शुक्रवारी देवीच्या गर्दीत बघा, बाहेर जायच्या वाटेनं आत आणि आत यायच्या वाटेनं बाहेर असं चाललेलं असतंय. पण सर्रास चालतंय म्हणून ते बरोबर होत नाही. आणि दोन्ही बाजूला गाड्या लागल्यात, त्यातली कुठलीही कधीही मागं येऊ शकते हे सरळ जाणाऱ्यालाही माहीत असतंच, त्यामुळं पार्किंगमध्ये सरळ जाणाऱ्यानं चालण्याच्या स्पीडनं जायचं असतं. तिथल्या शिट्टीवाल्या पोरानं त्यांना "या या" केलं असेल तरी फरक पडत नाही, स्टिअरिंग ज्याच्या हातात जबाबदारी त्याची.

आता डागाकडं या, कारण ताई, अशा भांडणात माणसं काहीही बोलतात पण पत्रा खोटं बोलत नाही. तुम्ही लिहिलंय की घासणी त्यांच्या ड्रायव्हरच्या दारापासून सुरू होऊन मागच्या दारापर्यंत गेलीय. म्हणजे त्यांचं बोनेट तुमच्या मागनं आधीच पुढं गेलं होतं आणि मग तुमचा बंपर लागला. ही गोष्ट तुमच्या विरुद्ध जाते. त्यांच्या गाडीचं तोंड तुमच्या बाजूला आपटलं असतं तर चित्र उलटं झालं असतं, मग मी म्हटलं असतं तुम्ही आधीच बाहेर होता आणि त्यांनी येऊन ठोकलं. पण दुसरी गोष्ट तुमच्या बाजूची आहे. डाग लांब आणि आडवा आहे, एका जागी आत दबलेला खड्डा नाही. ते थांबलेले असते आणि तुम्ही जाऊन धडकला असता तर एकाच ठिकाणी पोचा आला असता. लांब ओरखडा म्हणजे त्यांची गाडी घासताना चालत होती. किती स्पीडला होती हे डागाच्या लांबीवरनं सांगता येत नाही, कुणी तसं छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका, पण ते थांबलेले नव्हते एवढं नक्की. तुमच्या बंपरचा कोपरा पण बघा, आत दबलाय का बाजूला ओढला जाऊन क्लिपमधनं निघालाय. ओढला गेला असेल तर तेच पुन्हा सिद्ध होतंय.

म्हणून मला विचाराल तर तीन वाट्यातले दोन तुमचे आणि एक त्यांचा. कोर्टातसुद्धा दोघांचा निष्काळजीपणा असला की असेच वाटे पाडतात, कुणाचे किती ते त्या त्या घटनेवर ठरतं, आणि हा माझा अंदाज आहे, उद्या फूटेजमध्ये ते लय जोरात आलेले दिसले तर वाटा बदलेल, आणि तुम्ही न थांबता झटक्यात मागं आलेल्या दिसला तर तुमच्याच अंगावर जास्त येईल. त्यामुळं आजच्या आज कार्यालयाच्या मॅनेजरला गाठा. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग कायम राहत नाही, डीव्हीआर भरला की जुन्यावर नवीन चढतं, आणि तुमचे चार दिवस असेच गेलेत. पेनड्राइव्हवर द्यायला नाही म्हणाले तर निदान स्क्रीनचा मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या, तारीख आणि वेळ दिसेल असा. त्या बाणांचे पण फोटो काढा, पाऊस पडला की चुना गेला.

आता ते बंपरचे ९,५००. हे मला बिलकुल पटलेलं नाही. त्यांच्या गाडीची उजवी बाजू तुमच्याकडं होती, आणि तुम्हीच म्हणता घासणी मागच्या दारापर्यंत आहे. मग मागचा बंपर कसा काय आला? तुम्ही पाठवलेल्या फोटोत बंपरचा डावा कोपरा फुटलेला दिसतोय. डावा! त्या बाजूला तुमची गाडी गेलीच नाही. मी असं म्हणत नाही की त्यांनी मुद्दाम घुसडलंय, गाडी शोरूमला नेली की सर्व्हिस ॲडव्हायझर चारी बाजूनं फिरून दिसेल ते सगळं एस्टिमेटमध्ये लिहितो, आणि गाडीवाला ते न बघताच फॉरवर्ड करतो, असं होतं. त्यामुळं चोर पकडल्यासारखं बोलू नका, फक्त एक टेप घेऊन जा. तुमच्या बंपरचा कोपरा जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजा, त्यांच्या दारावरची घासणी किती उंचीवर आहे ते मोजा. दोन्ही जुळायला पाहिजेत. तुमच्या गाडीचा रंग त्यांच्या दारावर लागलेला दिसेल, त्यांचा तुमच्या बंपरवर. जिथं उंची जुळत नाही, रंग लागलेला नाही, तो डाग तुमचा नाही.

मग उरले दारांचे १५,०००. त्यातले दोन वाटे तुमचे म्हणजे १०,०००. आणि एक गोष्ट सगळे विसरतात, वाटा पडतो तो दोन्हीकडच्या नुकसानीचा पडतो, म्हणजे तुमच्या बंपरच्या ४,५०० मधला एक वाटा, १,५००, त्यांचा आहे. वजा करून ८,५०० राहतात. माझ्या हिशोबानं तुमचं देणं एवढं आहे. २४,५०० पण नाही आणि शून्य पण नाही. नात्यासाठी तुम्हाला ते १,५०० सोडायचे असतील तर सोडा, पण सोडतोय हे बोलून सोडा.

शोरूमचाच रेट का द्यायचा, उद्यमनगरच्या बाजूला डेंटिंग-पेंटिंग निम्म्यात होतंय असं तुमच्या घरात कुणीतरी म्हणेलच. त्यांची गाडी नवीन असेल, वॉरंटीत असेल, तर शोरूमला करायचा त्यांचा आग्रह चुकीचा नाही. गाडी जुनी असेल तर मात्र बाहेरच्या एका चांगल्या माणसाकडनं दुसरं एस्टिमेट मागायला काही हरकत नाही. आणि दार बदलायचं लिहिलंय का दुरुस्त करून रंगवायचं, ते नीट वाचा. लांब ओरखड्याला दार बदलायची बहुतेक वेळा गरज नसते.

इन्शुरन्सचं विचारलंय. तुमच्या स्वतःच्या बंपरसाठी क्लेम करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, आणि हिशोब करून सांगतो. बंपर प्लास्टिकचा, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलेलं नसेल तर प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीचे तुमच्या खिशातले असतात. समजा ४,५०० मधले ३,५०० पार्टचे धरले तर त्यातले १,७५० गेले, वर हे १,००० गेले, हातात राहिले १,७५०. आणि त्यासाठी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो पहिल्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० पर्यंत चढत जातो, आणि एक क्लेम केला की पुन्हा शून्यावर. तुमची तर शिडी आत्ताच चालू झालीय. झिरो डेप असलं तर थोडे जास्त मिळतील, पण तरीही एवढ्याशा रकमेला बोनस घालवण्यात अर्थ नाही.

त्यांच्या नुकसानीचं वेगळं आहे. त्यांची फुल पॉलिसी असेल तर चूक कुणाचीही असो, ते स्वतःच्या पॉलिसीतनं दारांचं काम करून घेऊ शकतात. तसं केलं तर त्यांच्या खिशातनं जेवढं गेलं, म्हणजे सक्तीची रक्कम, घसारा, आणि बोनस बुडाला त्याचं काहीतरी, तेवढ्याचेच वाटे पाडायचे. कंपनीकडनं पण पूर्ण घ्यायचे आणि तुमच्याकडनं पण पूर्ण, हे होऊ शकत नाही. म्हणून पहिलाच प्रश्न हा विचारा, "भाऊजी, क्लेम टाकलाय का?" तुमच्या थर्ड पार्टी पॉलिसीत समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारण ७.५ लाखापर्यंत संरक्षण असतं खरं, पण त्यासाठी पोलिसांत नोंद, क्लेम ट्रिब्युनल, हे सगळं आलं, आणि दोन दारांच्या रंगासाठी पै-पाहुण्यात हे कुणी करत नाही. करूही नये.

पण एक लक्षात ठेवा, कंपनीला मध्ये घ्यायचंच ठरलं तर आधी फोन कंपनीला करायचा. मोटर पॉलिसीत एक अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय समोरच्याला चूक कबूल करायची नाही आणि पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही. तुम्ही ते व्हॉट्सॲपवर करून बसलाय. स्वतःच्या खिशातनं मिटवताय तर त्यानं काही बिघडत नाही. आणि "गाडी उभी होती, कोण ठोकून गेलं माहीत नाही" असं लिहून क्लेम टाका असा सल्ला तुम्हाला हमखास मिळणार. कृपा करून ऐकू नका. ते खोटं आहे, कंपनीच्या सर्व्हेअरला डाग बघून कळतं, आणि क्लेम तर जातोच पण खोटं बोलल्याचा शिक्का बसतो तो वेगळा.

त्या सॉरीची तुम्हाला लय काळजी लागलीय असं पत्रावरनं वाटतंय. माणूस घाबरला की सॉरी म्हणतो, चांगल्या घरातला असला तर आधी म्हणतो. कायद्यात कबुली हा पुरावा धरतात पण तो अंतिम धरत नाहीत, म्हणजे तुम्ही कबूल केलं म्हणून उलट बाजूनं आलेली गाडी सरळ बाजूनं आली असं होत नाही. मेसेज डिलीट करू नका. उलट त्यालाच धरून पुढं बोला, की मी खर्च देते म्हटलं होतं, माझ्या वाट्याचा देतेच.

सासऱ्यांचं म्हणणं अर्धवट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे फक्त डांबरी रस्ता नाही, लोकांना यायजायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा त्यात येते, आणि कार्यालयाचं पार्किंग त्यात बसतं का यावर वकील वाद घालतील, पण तुमच्या निष्काळजीपणानं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून द्यायचं, हे जागा कुणाची यावर अवलंबून नसतं. कुणाला लागलं असतं तर गोष्टच वेगळी होती, मग आधी दवाखाना आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे ड्रायव्हरचं कायद्यानं कर्तव्य आहे. देवाच्या कृपेनं तसं काही नाही. कार्यालयवाल्यांच्या मागं लागू नका, दोन ड्रायव्हर आपापल्या गाड्या चालवत होते, त्यात त्यांचा संबंध नाही. चावी त्यांच्या माणसाकडं दिली असती आणि त्यानं ठोकली असती तर त्यांना धरलं असतं. हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधनं गाडी चोरीला गेली त्या केसमध्ये २०१९ ला सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं की चावी ताब्यात घेतली की गाडी सांभाळायची जबाबदारी हॉटेलची, नुसतं "मालकाच्या जबाबदारीवर" लिहून स्वतःच्या हलगर्जीपणातनं सुटता येत नाही. तुमच्या प्रकरणात चावी तुमच्याच हातात होती.

मिस्टरांचं "देऊन टाक" हे प्रेमापोटी आहे हे मला कळतंय. पण न पटता पूर्ण रक्कम दिली तर ती तुमच्या मनात राहणार, प्रत्येक कार्यक्रमात भाऊजी समोर आले की आठवणार, आणि नणंदेशी बोलताना पण तुमचा आवाज बदलणार. त्यांना पण कधी कळणार नाही की आपण उलट आलो होतो. योग्य तेवढं, मोकळेपणानं बोलून दिलेलं बरं. फोनवर नको, घरी जा, दोन्ही गाड्या समोरासमोर असू द्यात. मिस्टर सोबत असू देत पण बोलायचं तुम्ही, गाडी तुम्ही चालवत होता. आणि सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करा, "भाऊजी, उजवीकडं मी बघायला पाहिजे होतं, ते माझं. पण तुम्ही पण बाणाच्या उलट आला होता, म्हणून सगळं माझ्यावर नको, दारांचं आपण वाटून घेऊ, आणि तो डावा बंपर एकदा सोबत बघू." एवढं बोलून गप्प बसा, त्यांना बोलू द्या. ते १०,००० वर अडले तर अडू देत, द्या. २४,५०० वरच अडले तर फूटेज दाखवा आणि दोघांनाही मान्य असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घाला, गर्दीला नाही. पैसे रोख हातात देऊ नका, काम झालं की बिलावर गॅरेजच्या खात्यात तुमच्या वाट्याचे भरा, आणि या विषयात आता काही देणंघेणं नाही असा एक साधा मेसेज दोघांनी एकमेकांना करा.

गाडी चालवणं बंद करायचं मात्र डोक्यातनं काढून टाका. हे मी मनापासून सांगतोय. दोन गाड्यांची चूक झाली, त्यातल्या एकालाच घरी बसा म्हणतायत, कारण ती बाई आहे आणि नवीन आहे. भाऊजींना कुणी म्हटलं का की तुम्ही आता स्टिअरिंगला हात लावू नका? दीड वर्षात पहिल्यांदा घासली, कुणाला लागलं नाही, आणि तुम्ही पत्रात स्वतःची बाजू न रंगवता सगळं लिहिलंय, असा ड्रायव्हर रस्त्यावर असलेला मला हवाय. फक्त एक सवय बदला. पार्किंगमध्ये जागा मिळाली की गाडी रिव्हर्सनं आत लावायची, म्हणजे निघताना तोंड बाहेर असतं आणि दोन्ही बाजू डोळ्यानं दिसतात. आत लावताना मागं गाडी नाहीतर भिंत असते, ती हलत नाही, बाहेर निघताना मात्र मागनं माणसं चाललेली असतात. आठ दिवस जरा वेळ लागेल, मागचा हॉर्न मारेल, मारू दे. सकाळी लवकर रंकाळ्याच्या बाजूला गर्दी नसताना मिस्टरांना घेऊन जा आणि तेवढंच करून बघा.

पण आधी कार्यालयाला फोन लावा, फूटेजचं उद्यावर टाकू नका.